सुकलूच्या दारातला ब्रेकर

नवरदेवाची गाडी सुकलू कुमरेच्या दारासमोर आली आणि नाइलाजाने हळू झाली. बॉनेटवरच्या झेंडूच्या माळा आधी पुढे झुकल्या, मग मागे. मागच्या सीटवरच्या नवरदेवाचा सुकलूशी जन्मात कधी संबंध आला नसावा. पण ओट्यावर बसलेला म्हातारा एवढ्या जवळून आपल्याकडेच पाहतो आहे म्हटल्यावर त्याला हात जोडणं भाग पडलं. सुकलूने बसल्या जागेवरून हात वर केला, आशीर्वाद दिल्यासारखा.

मग गाडी ब्रेकर उतरली, ड्रायव्हरने दुसरा गिअर टाकला, आणि मधला रिकामा प्लॉट ओलांडून गुणवंतराव पिंपळशेंड्यांच्या फाटकासमोरून ती अशी सुटली की सगळी धूळ त्यांच्या चहात आली.

"पाह्यलं?" गुणवंतराव म्हणाले.

आशाबाई सुपात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. "काय?"

"आता नवरदेवही त्यालेच नमस्कार करून राह्यला."

"मंग तुमी करा नं नवरदेवाले. तुमाले कोनं अडवलं?"

गुणवंतरावांनी चहातली धूळ बोटाने बाजूला सारली आणि उरलेला चहा कडू औषधासारखा पिऊन टाकला.

घुग्घुसच्या मोठ्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक असतात. खरं तर ट्रकांच्या मधे जिथे फट दिसते, तिलाच तिथे रस्ता म्हणतात. पाळी सुटली की मोटारसायकलवाले त्या फटीचा नाद सोडून गल्लीत शिरत आणि कामावर दिवसभर साठवलेली घाई इथे एका दमात खर्च करत. कोंबड्या, शेळ्या, शाळेतली पोरं, सगळ्यांनी आपापला जीव आपापल्या जबाबदारीवर सांभाळावा, अशी व्यवस्था होती.

ही व्यवस्था मोडायचं गुणवंतरावांनी मनावर घेतलं, कारण तो त्यांच्या अधिकाराचा विषय होता. अख्खी नोकरी त्यांनी एसटीचं स्टिअरिंग धरून काढली. जिवतीचा घाट, पावसाळ्यातले पूल, लग्नसराईत टपापर्यंत भरलेली गाडी, सगळं केलं. उभ्या नोकरीत त्यांच्या चाकाखाली एक कोंबडी तेवढी आली, आणि त्यांच्या मते तीही आत्महत्याच होती. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांना डेपोत सत्कार करून मिळाला होता. तो ते लग्नात लावत, तेरवीतही लावत.

"गल्लीत वीसच्या वर गाडी नाई पाह्यजे," असं ते सांगत. का, असं कोणी विचारलं तर आणखी आवडे. "वीसच्या वर ड्रायव्हरले मानूस दिसत नाई. नुसता कपडा दिसते."

नगरपरिषदेला हे पटायला बराच काळ लागला. पण गुणवंतरावांना घाटात गाडी चढवायची सवय होती, त्यांनी पहिला गिअर सोडला नाही. शेवटी गेल्या दिवाळीनंतर गल्लीला दोन वस्तू मंजूर झाल्या. एक वेगमर्यादेचा फलक आणि एक ब्रेकर.

फलक गुणवंतरावांच्या फाटकाशी लागला. लाल गोलात काळे वीस. पहिले काही दिवस त्यांनी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताने दाखवला. मग त्यावर एका शिकवणी वर्गाने आपली जाहिरात चिकटवली, आणि त्याच्या खांबाला सुकलूची शेळी येऊन मान घासू लागली. चालत्या गाडीवरून फलक वाचता येत नाही. वाचायला गाडी हळू करावी लागते, आणि गाडी हळू करायला ब्रेकर लागतो. तो होता सुकलूच्या दारात.

नगरपरिषदेची माणसं आली त्या दिवशी गुणवंतराव हयातीचा दाखला द्यायला चंद्रपूरला गेले होते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करून ते संध्याकाळी परत आले, तोवर डांबर थंड झालं होतं. सुकलूने मजुरांना चहा पाजून ब्रेकर आपल्याकडे वळवून घेतला, हे उघड होतं. खाणीत जमीन गेली त्या बदल्यात ज्याने नोकरी मिळवली, त्याला एक ब्रेकर वळवायला काय लागतं?

तेव्हापासून गुणवंतरावांच्या जिवाला शांतता नव्हती. ब्रेकरचं एक असतं. गाडी हळू झाली की माणसाला कुठे तरी पाहावंच लागतं, आणि पाहिलं की काही तरी बोलावं लागतं. शाळेच्या गाडीतली पोरं सुकलूला टाटा करत. नगरसेवक, जो पूर्वी काचा वर करून जाई, तो आता काच खाली करून 'कसं काय सुकलूभाऊ' म्हणे. मासेवाला लुना हळू केलीच आहे तर म्हणून तिथेच पाय टेकी. सुकलूची बायको सोमारी टोपलीतले ताजे, लठ्ठ मासे निवडून घेई, आणि प्लॉट ओलांडून टोपली गुणवंतरावांकडे येईपर्यंत तिच्यात मुख्यतः डोकी उरत.

एकदा कुरिअरवाल्याचा फोन आला.

"काका, घर कुठी येते तुमचं? सुकलूभाऊच्या ब्रेकरपाशी का?"

"नाई," गुणवंतराव म्हणाले आणि फोन ठेवला. पार्सल परत गेलं. त्यात त्यांचाच चष्मा होता.

हे सगळं एक वेळ त्यांनी गिळलंही असतं. पण फितुरी घरातच होती. आशाबाईंनी काहीही केलं की पहिलं वाडगं सुकलूकडे जाई. पूर्वीही वाटीभर कालवण इकडून तिकडे होत असे, पण ते उरलेलं असे. आता चढत्या कढईतलं जाऊ लागलं. आणि प्रफुल! एकुलता एक पोरगा, सिमेंटच्या कारखान्यात कामाला. बापाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला त्याला रजा मिळत नव्हती. पण गेल्या पावसाळ्यात सुकलूची नात दिव्या झाडावरून पडली आणि तिच्या पायाला प्लास्टर लागलं, तेव्हा तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेणं-आणणं यानेच केलं. गुणवंतराव तेव्हा भाताच्या रोवणीसाठी ब्रह्मपुरीला लेकीकडे गेले होते. परत येऊन पाहतात तर पोरगा शेजाऱ्याच्या घरचा झालेला.

आणि आता हे नवं. प्रफुल पाळीवरून आला की सुकलूच्या घराच्या अलीकडेच मोटारसायकल बंद करी, खाली उतरे आणि ती हाताने ढकलत ब्रेकरवरून आपल्या घरापर्यंत आणी. इतरांनी ब्रेकरला मान देऊन गाडी हळू केली, हे समजण्यासारखं होतं. हा तर देवळापुढून जावं तसा पायी जात होता.

"काऊन ढकलत आनते रे गाडी?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"क्लच खराब आहे, बाबा."

"मंग दुरुस्त कर."

"करतो."

क्लच काही दुरुस्त झाला नाही. तेव्हा गुणवंतरावांनी नगरपरिषदेत अर्ज टाकला: ब्रेकर चुकीच्या जागी आहे, तो आपल्या फाटकासमोर, फलकाच्या शेजारी असणं शास्त्राला धरून आहे.

आज त्या अर्जाची पाहणी होती. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आरशासमोर उभं राहून खिशावर बिल्ला लावला.

"आहे तिथी बरा आहे तो," आशाबाई म्हणाल्या. "काऊन हलवता?"

"तुले काय समजते त्यातलं?"

आशाबाईंनी सूप खाली ठेवलं. पदराने हात पुसले आणि सूप पुन्हा उचललं. डाळीत खडा उरला नव्हता. तरी त्या पाखडत राहिल्या.

दुपारी नगरपरिषदेच्या इंजिनिअर सरिता मॅडम स्कूटीवर आल्या. मागे टेप आणि खडू घेऊन मुकादम दसरू. गुणवंतरावांनी दोघांना ब्रेकरपाशी नेलं आणि समजावायला सुरुवात केली. आशाबाई पदर डोक्यावर घेऊन मागे मागे आल्या, त्यांना कोणी बोलावलं नसताना.

"हे पाहा मॅडम, गाडी इथी हळू होते आन् प्लॉटापासून पुन्हा सुटते. म्हंजे माझ्या दारापाशी बोर्ड म्हनते वीस, आन् गाडी म्हनते पन्नास. बोर्डाची काई इज्जत ऱ्हायते का?"

"बोर्डाची की तुमची, काका?" सरिता मॅडम हसल्या.

"आमची तं गेलीच," गुणवंतराव गंभीरपणे म्हणाले.

सुकलू ओट्यावर पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसला होता. शेजारी दिव्या पाटी-दप्तर पसरून चित्रं रंगवत होती. एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ समोर ठेवलेला, जसा ती प्लास्टर निघाल्यापासून ठेवत असे. सुकलूने ना विरोध केला ना पाठिंबा दिला. गुणवंतरावांना त्याचा हा मोठेपणाही सहन होत नव्हता.

"हलवायला माझी ना नाही," सरिता मॅडम म्हणाल्या. "एकच अडचण असते. जिथं अपघात झालेला असतो, तिथला ब्रेकर आम्ही हलवत नाही. इथं कधी काही झालंय का?"

"कधीच नाई. मी लेखी देतो. मी स्वतः..." गुणवंतरावांचा हात आपोआप बिल्ल्याकडे गेला.

"तुम्ही सांगा, आजोबा," त्या सुकलूकडे वळल्या. "घर तुमचं आहे."

सुकलूचा अंगठा पन्नीवर थांबला. त्याने आशाबाईंकडे पाहिलं, मग गुणवंतरावांच्या खिशाकडे, आणि मग पुन्हा खर्रा घोटायला लागला.

"नाई बाई. इथी काई झालं नाई. पोरगी तं झाडावरून पडली होती."

पोरीचं कोणी विचारलं नव्हतं.

गुणवंतरावांनी सुकलूच्या अंगणात नजर टाकली. एक पपई होती, आणि एक शेवगा. शेवग्यावर कोणी चढत नाही. त्याची फांदी कावळा बसला तरी मोडते. हे झाड ते कैक वर्षं पाहत होते. त्याच्या शेंगा त्यांनी खाल्ल्या होत्या.

"मंग हानू का खडू तिकडं?" दसरूने टेप उलगडत विचारलं. मग त्याचं लक्ष आशाबाईंकडे गेलं. "आवो बाई, तुमीच नं त्या? आता हलवाचाच होता तं तवा काऊन एवढ्या भांडल्या?"

"कोन भांडलं?" गुणवंतराव म्हणाले.

"हे बाई. आमी तं तुमच्याच फाटकापाशी टाकून राह्यलो होतो, भाऊ. तसंच सांगतलं होतं ऑफिसातून, खडूही मारला होता. बाई पयत आली न् फावडंच धरलं. म्हने, इथी नाई, तिथी टाका, सुकलूभाऊच्या दारात. आमी म्हनलं, लोकं आपल्या दारात मांगतात, हे बाई दुसऱ्याच्या दारात मांगून राह्यली."

दसरू आपल्याच बोलण्यावर हसला. बाकी कोणी हसलं नाही. आशाबाई ब्रेकरकडे पाहत होत्या.

"अवं..." गुणवंतराव म्हणाले.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलींचा आवाज झाला. पहिली पाळी सुटली होती. एकामागून एक गाड्या येत, ब्रेकरशी दम घेत आणि पुढे जात. सुकलूला नमस्कार होत होते. सगळ्यांच्या मागून प्रफुल आला. सुकलूच्या कुंपणाचा कोपरा आला तशी त्याने गाडी बंद केली, उतरला आणि मान खाली घालून ढकलू लागला. एवढी माणसं जमलेली पाहून तो क्षणभर थबकला, पण चढून बसला नाही.

गुणवंतराव हे रोज आपल्या फाटकातून पाहत. इतक्या जवळून आज पहिल्यांदाच पाहत होते. आणि आता पाहणारा शेजारी नव्हता, ड्रायव्हर होता. डेपोतले जुने ड्रायव्हर नव्या पोरांना सांगत: रिकाम्या रस्त्यावर जो माणूस नेमका एकाच जागी ब्रेक दाबतो, त्याचा त्या जागी कधी तरी दाबायचा राहून गेलेला असतो. त्याला विचारायचं नाही.

दिव्याने रंगवता रंगवता मान वर केली. "प्रफुलकाका, आज उशीर?"

"हो," प्रफुल म्हणाला, आणि तिच्याकडे न पाहता, तिच्या पायाकडे पाहून पुढे गेला.

"काका?" सरिता मॅडम म्हणाल्या. "मारू दे ना खडू?"

गुणवंतरावांनी मान हलवली. ती होय होती की नाही, ते त्यांनाही कळलं नसावं.

"नको."

"नको?"

"जागा बरोबर आहे."

"अहो, आत्ता तर तुम्ही शास्त्र सांगत होतात."

"चूक झाली, मॅडम. टेप गुंडाळ, दसरू." मग ते जरा थांबून म्हणाले, "होत असंन तं अजून थोडा उंच करा. पावसाळ्यात झिजते."

सरिता मॅडमनी एकदा त्यांच्याकडे, एकदा आशाबाईंकडे पाहिलं आणि स्कूटीला चावी लावली. म्हाताऱ्या माणसांचे अर्ज असेच असतात, हे त्यांना ठाऊक होतं. सुकलूने खर्ऱ्याची पन्नी बंद करून कमरेला खोचली. तोंडात काही टाकलं नाही.

घरी प्रफुल गाडी स्टँडला लावून तिच्याजवळच उभा होता. गुणवंतराव फाटकातून आत आले. बिल्ला काढायला त्यांची बोटं खिशाशी गेली, पण पिन निघेना. ती नीट बसवलेली होती.

"क्लच खराबच आहे का रे अजून?"

प्रफुलने हँडलवरचा हात काढला.

"बाबा," तो म्हणाला, "मले नुसता पिवळा कपडा दिसला."

गुणवंतराव पिनशी झगडत राहिले. ती एकदाची निघाली, तेव्हा शर्टाच्या खिशाचा धागाही सोबत निघाला. बिल्ला त्यांनी पँटच्या खिशात, चावीच्या शेजारी टाकला.

"क्लच राहू दे," ते म्हणाले. "खराबच राहू दे."

संध्याकाळी आशाबाईंनी लाखोळीचे वडे तळले. पहिला घाणा निघाला तो नेहमीसारखा वाडग्यात घातला, वर ताट झाकलं आणि पायात चपला सरकवल्या. गुणवंतराव दारात आडवे उभे होते.

"तुले सगळं ठाऊक होतं."

"हो."

"मले काऊन नाई सांगतलं?"

आशाबाईंनी त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. खिशावर, बिल्ला असायचा तिथे, दोरा लोंबत होता.

"सुकलूभाऊच म्हनले," त्या म्हणाल्या. "म्हनले, गुणवंतभाऊले नका सांगू बाई. त्याच्यापाशी तेवढंच एक आहे."

कढईतलं तेल चुरचुरत होतं. गुणवंतरावांनी हात पुढे केले.

"दे इकडं."

ते वाडगं घेऊन निघाले. फलक ओलांडला, रिकामा प्लॉट ओलांडला. ब्रेकर झाल्यापासून, आजची दुपार सोडली तर, ते या बाजूला पायी आलेच नव्हते. बाजाराला जायचं तर मागच्या बोळातून जात. दुरून तो ब्रेकर त्यांना नेहमी सुकलूची मिजास वाटत आला होता. जवळून ते एक ओबडधोबड डांबराचं ढेकूळ होतं, त्याच्यावर धड पांढरे पट्टेसुद्धा मारलेले नव्हते. त्यांचा पाय त्याला अडखळला. वाडगं तेवढं त्यांनी सावरलं.

"आबा, हळू," दिव्या ओट्यावरून ओरडली. "पडसान!"

"हो वं माय," गुणवंतराव म्हणाले. आणि थांबले. मग पाय उचलून, पाहून, पलीकडे ठेवला.

सुकलू ओट्यावर जरासा सरकला. गुणवंतराव बसले. सोमारीने आतून पाणी आणून ठेवलं. वडे गरम होते, दिव्याने फुंकर मारून मारून खाल्ले आणि एक शेळीला दिला.

"घरचे आहेत का, गुणवंतभाऊ?" सुकलूने विचारलं.

"घरचेच."

पुढे दोघे बोलले नाहीत. बोलायचं ते सुकलूने आठ महिन्यांपूर्वीच न बोलून संपवलं होतं.

घरी जायला उशीर झालेला एक मोटारसायकलवाला धडधडत आला. ब्रेकरपाशी आल्यावर त्याचीही गाडी नाइलाजाने हळू झाली. त्याने ओट्याकडे पाहिलं. दोन म्हातारे आणि एक पोरगी. त्याला वाटलं, दोघांनाही करावा.

"राम राम भाऊ. राम राम."

सुकलूने हात वर केला. गुणवंतरावांनी केला नाही. त्यांचे दोन्ही हात वाडग्याला होते, आणि वाडगं केव्हाचंच रिकामं झालं होतं.